सर 'टॉप दोन टक्क्यां'त आले म्हणजे नक्की कुठे आले?

गेल्या अंकात विद्यापीठातल्या संशोधनाच्या बातम्यांवर दोन ओळी खरडल्या होत्या, शेवटी सहज लिहिलं की काही विचारायचं असेल तर विचारा, आणि संपादकांनी त्यानंतर मला जे फॉरवर्ड करायला सुरुवात केली ते अजून थांबलेलं नाही. बरेच प्रश्न एकाच वळणाचे आहेत, अमुक सरांना हे मिळालं, तमुक मॅडमचं ते झालं, हे खरंच मोठं असतं का हो? मी एकतीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली, तेव्हा झाडांच्या बाबतीत माझा कल थोडा झुकलेला दिसेल, तो सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या प्राध्यापकांचा चौकात फ्लेक्स लागलाय, 'जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत निवड, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून गौरव'. रविवारी सत्कार आहे आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय. हे नोबेलच्या खालोखाल असतं का? (सांगली)

काका, सत्कार जरूर करा, शाल-नारळ द्या, फक्त भाषणात 'निवड' आणि 'गौरव' हे दोन शब्द तेवढे टाळा. कारण यात निवड करणारी समिती नसते, कुणी अर्ज करत नाही, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ म्हणून कुणाला पत्र पाठवत नाही. तिथले एक प्राध्यापक आहेत, जॉन आयोअ‍ॅनिडिस, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हा हिशोब पहिल्यांदा मांडला. स्कोपस नावाचा एक प्रचंड डेटाबेस आहे, त्यातून कोणाच्या पेपरचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, म्हणजे सायटेशन, ते मोजायचं, त्यातही एकट्याने लिहिलेले पेपर, पहिलं नाव असलेले, शेवटचं नाव असलेले असे सहा मापं लावून एक आकडा काढायचा आणि आपापल्या उपविषयात जे वरच्या दोन टक्क्यांत बसतात त्यांची नावं एक्सेल शीटमध्ये टाकून मोकळं व्हायचं. दर वर्षी ही यादी नव्याने येते आणि तिच्यात दोन लाखांहून जास्त नावं असतात.

आता यात गंमत अशी की याद्या दोन आहेत. एक अख्ख्या करिअरची आणि एक फक्त एका वर्षातल्या सायटेशनची. फ्लेक्सवाल्याने कुठली धरलीय ते हळूच सरांनाच विचारा. करिअरच्या यादीत नाव असेल तर वीस-पंचवीस वर्षांचं काम त्यामागे आहे असं समजायला हरकत नाही. आणखी एक, स्वतःच स्वतःच्या पेपरचा उल्लेख करणारे लोक असतात (आपल्याकडे लग्नात स्वतःच आहेर वाचून दाखवणारे असतात तसे), त्यांच्यासाठी त्या शीटमध्ये स्वतःचे उल्लेख धरून एक आणि वगळून एक असे दोन वेगळे आकडे असतात. हल्ली मागे घेतलेले पेपर किती तेही दिसतं. म्हणजे यादी करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सगळं उघडं ठेवलंय, फ्लेक्सवर तेवढी जागा नसते इतकंच.

पण मला खटकतं ते वेगळंच. मोडी कागदपत्रं वाचून एखाद्या परगण्याचा महसूल कसा चालायचा हे ज्यांनी डोळे फोडून शोधलं, मराठीत पुस्तक लिहिलं, ते मास्तर या यादीत कधीच येणार नाहीत, कारण स्कोपसला मराठी पुस्तक जवळपास दिसतच नाही. त्यांचाही एक सत्कार ठेवा की.

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वेबसाइटवर लिहिलंय की एका मॅडमच्या नावावर एका वर्षात सात पेटंट आहेत. एडिसन पण लाजेल! (नाशिक)

असतीलही, नाही असं नाही. पण आधी बघा की शब्द 'पब्लिश्ड' आहे की 'ग्रँटेड'. आपल्याकडे पेटंटचा अर्ज भरला की अठरा महिन्यांनी तो आपोआप पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापला जातो, आणि जास्तीची फी भरून लवकर छापा म्हटलं तर त्याच्याही आधी. त्याचा अर्थ एवढाच की अर्ज आलेला आहे. त्यात नवीन काही आहे का हे अजून कोणी तपासलेलंच नसतं, तपासणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, मग परीक्षक हरकती काढतात, त्यांना उत्तरं द्यायची, आणि एवढं करून टिकलं तर पेटंट मंजूर होतं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांसाठी. थोडक्यात बारावीचा फॉर्म भरला आणि पेढे वाटले, तसं आहे हे.

दुसरी खोच डिझाइनची. डिझाइन रजिस्ट्रेशन हे वस्तूच्या दिसण्याचं असतं, ती चालते कशी याचं नाही. एखाद्या डबीला वेगळा आकार दिला तरी ते होतं, आणि मग पोस्टमध्ये त्याचं 'डिझाइन पेटंट' होतं आणि दुसऱ्या पोस्टमध्ये नुसतं 'पेटंट'. यावर जाहिरातीसुद्धा फिरतात, की इतके पैसे द्या आणि शोधकांच्या यादीत तिसऱ्या नंबरला तुमचं नाव टाकतो, प्रमोशनला उपयोगी पडेल. मला स्वतःला आलेत असे मेसेज, रिटायर झाल्यावर! मॅडमवर लगेच संशय घेऊ नका, पेटंट ऑफिसच्या साइटवर अर्ज क्रमांक टाकला की स्टेटस फुकट दिसतं, बघून घ्या.

प्रश्न : मी कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, बावीस वर्षं झाली. मशीन मीच चालवतो, सॅम्पल मीच लावतो, पोरांच्या पीएचडी झाल्या, सरांचे पेपर झाले, माझं नाव कुठेच नाही. हे बरोबर आहे का? (नाव-गाव नको)

दादा, तुमचं पत्र तीनदा वाचलं. सरळ उत्तर असं की मशीन चालवणं एवढ्यावर लेखक म्हणून नाव द्यायचं नसतं असा मेडिकल जर्नलांचा नियम आहे आणि बाकीचेही साधारण तोच पाळतात, कामाच्या कल्पनेत, डेटा मिळवण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात मोठा वाटा हवा, लिखाणात हात हवा, शेवटचा मसुदा मान्य हवा आणि पुढे कोणी बोट दाखवलं तर जबाबदारी घ्यायची तयारी हवी. पण त्याच नियमात हेही आहे की ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानावेत, आणि तिथेही तुमचं नाव नसेल तर ती कंजुषी आहे, दुसरा शब्द नाही. शिवाय सॅम्पल बिघडलंय हे तुम्हीच ओळखलं असेल, पद्धत तुम्हीच बदलून दाखवली असेल, तर तो वाटा आभाराच्या पुढचा आहे आणि तो मागायला लाजू नका. हल्ली बऱ्याच जर्नलांमध्ये कोणी काय केलं हे चौदा प्रकारच्या कामांत विभागून लिहावं लागतं, त्यात प्रयोग करणं, डेटा सांभाळणं, सॉफ्टवेअर लिहिणं असे कप्पे वेगळे आहेत. लेखकांच्या यादीत जायचा दरवाजा त्यामुळे फार मोठा झाला असं नाही, पण निदान कोणी काय केलं हे कागदावर तरी येतं.

तुम्हाला एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये व्हिव्हियन थॉमस नावाचा माणूस होता, सुतारकाम करणारा, कृष्णवर्णीय, मंदीत कॉलेजचं स्वप्न बुडालेला, डॉक्टर ब्लॅलॉक यांच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागला. जन्मतः हृदयात दोष असल्याने निळी पडणारी बाळं वाचवायची शस्त्रक्रिया त्याने आधी कुत्र्यांवर करून बसवली, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये पहिल्या बाळाचं ऑपरेशन झालं तेव्हा ब्लॅलॉक यांनी त्याला स्टुलावर आपल्या खांद्यामागे उभं केलं आणि विचारत विचारत टाके घातले. पेपरवर नावं ब्लॅलॉक आणि डॉक्टर हेलन टाउसिग यांची. ऑपरेशनलाही त्या दोघांचंच नाव. थॉमसला त्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये, आणि आता कुठे डॉक्टर मंडळी ऑपरेशनच्या नावात थॉमस जोडून म्हणायला लागलीत. तुम्हाला इतकी वाट बघायला लागू नये. पुढचा पेपर जायच्या आधी सरांशी बोला, छापून आल्यावर नाही, छापून आल्यावर सगळे बिझी असतात.

प्रश्न : आमच्या जुन्नर भागात ती दुर्बीण आहे, तिच्या नावाखाली कारखाने नाहीत, पुणे-नाशिक रेल्वेसुद्धा अडली. एवढं अडवून त्यांनी शोधलं काय, ते तरी सांगा.

राव, रागाचं कारण कळतं मला. टोमॅटो पिकवायचे आणि रेल्वे कागदावर बघायची. पण तुमच्या खोडदला जी जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे ती साधी नाही हेही ऐकून घ्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, मधोमध चौदा जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना हातासारख्या पसरलेल्या, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांनी ही कल्पना मांडली तेव्हा एवढ्या मोठ्या डिश परवडणार कशा हाच प्रश्न होता, म्हणून पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते, रेडिओ लहरी ऐकते, आणि त्या इतक्या क्षीण असतात की जवळपासचं कुठलंही विजेचं खरखरणं तिला कानात ओरडल्यासारखं होतं. रेल्वेची आणि कारखान्यांची अडचण ती.

आता शोधलं काय ते. आकाशात पल्सार नावाचे मेलेले तारे असतात, गरगर फिरतात आणि घड्याळासारखे ठोके देतात. जून २०२३ मध्ये युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की या ठोक्यांमध्ये अगदी किंचित, सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, असा फरक पडतोय आणि तो सगळ्या आकाशभर एका विशिष्ट नक्षीत पडतोय, म्हणजे गुरुत्वीय लहरींनी अवकाशच हलतंय, आणि या लहरी अशा लांबलचक की एक लाट जायला वर्षं लागतात. बहुधा आकाशगंगांच्या पोटातली महाकाय कृष्णविवरं जोडीने फिरतायत त्यांच्या. युरोपच्या गटाबरोबर आपला भारतीय गट होता आणि त्यांचा डेटा खोडदचा. तुमच्या दुर्बिणीचं महत्त्व काय, तर पल्सारचा ठोका येताना वाटेत इलेक्ट्रॉन लागतात आणि त्यामुळे तो उशिरा पोचतो, कमी फ्रिक्वेन्सीला जास्तच उशिरा, आणि खोडद नेमकं त्या कमी फ्रिक्वेन्सीला चांगलं ऐकतं, त्यामुळे हा उशीर मोजून वजा करता येतो. तो वजा केला नाही तर खरी थरथर कोणती आणि वाटेतला खोळंबा कोणता हे कळणारच नाही.

आणि यातलं मला सगळ्यात आवडलेलं काय माहितीये? त्यांनी 'शोध लागला' म्हटलं नाही. 'पुरावा मिळाला' म्हटलं. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पाच सिग्मा नावाची खात्रीची पायरी लागते, ती अजून गाठली नव्हती म्हणून थांबले. आपल्याकडे पेपर सबमिट केला की बँड लावतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन असतं, पोरांना घेऊन जा, आणि डिशवर चढून नटबोल्ट बघणाऱ्या टेक्निशियनशी बोला, शास्त्रज्ञांपेक्षा ते भारी सांगतात.

प्रश्न : ऊस लावतो मी. विद्यापीठं नुसते पगार खातात, आम्हाला काय देतात? (माळशिरस)

तुमच्या शेतात कुठला ऊस आहे? २६५ असेल तर ऐका. को एम ०२६५, ज्याला आपण नुसतं 'दोनशे पासष्ट' म्हणतो, तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा, २००७ चा, सरकारी नाव फुले २६५. 'को' म्हणजे कोइमतूर, 'एम' म्हणजे महाराष्ट्र. खारवट, चोपण जमिनीत तग धरतो आणि टनेज देतो म्हणून तुम्ही लावलात, साखरेचा उतारा कमी म्हणून पुष्कळ कारखाने नाकं मुरडत होते तरी लावलात. डाळिंबातला भगवा राहुरीचाच. आंब्यातला रत्ना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा, नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ चा, आणि पुढे रत्नाचा परत हापूसशी संकर करून सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ. एक आंब्याची जात काढायला किती वर्षं जातात विचार करा, कलम लावायचं, फळ धरायची वाट बघायची, मग पुढची पिढी. या लोकांची नावं तुम्हाला माहीत नाहीत आणि मलाही सगळी माहीत नाहीत, त्यांचे फ्लेक्स लागले नव्हते. बाकी पगार खाणारे आहेतच, नाही कुठे म्हणतो.

प्रश्न : 'तीन दिवसांत इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर' असा मेसेज आलाय, भरू का पैसे? (एक पीएचडी विद्यार्थिनी)

नको गं बाई. मी भरलेत एकदा, नोकरीत पॉइंट हवे होते म्हणून, पेपर चौथ्या दिवशी आला, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं आणि आलेख उलटा छापलेला, वर्षभराने ती साइटच गायब. खऱ्या जर्नलमध्ये तुझ्याच विषयातली दोन-तीन माणसं पेपर वाचून फाडतात, त्याला महिने लागतात. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी होती तीही २०२५ मध्ये बंद झाली, आता पारखायचं काम तुझ्या विद्यापीठावर आणि तुझ्या गाइडवर. आणि मोठं नाव म्हणजे सेफ असंही नाही, २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले, त्यातले बहुतेक एकाच नामांकित प्रकाशकाचे.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची हंगामी संशोधनाची नोकरी) करते, सहा वर्षं झाली, अजून पर्मनंट नाही. नातेवाईक विचारतात की एवढं शिकून काय मिळालं. मी काय सांगू? (डोंबिवली)

ताई, नातेवाइकांना कॅटलिन कॅरिको यांच्याबद्दल सांगा. हंगेरीतल्या खाटकाची मुलगी, १९८५ मध्ये नवरा आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन अमेरिकेला गेली, गाडी विकून आलेले नऊशे पाउंड मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर, म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं हा निरोप पेशीला देणाऱ्या रेणूवर काम, ग्रँट येईना, १९९५ मध्ये हुद्दा खाली आणला, पगार तुटपुंजा. झेरॉक्स मशीनपाशी ड्रू वाइसमन भेटले, तिथे गप्पांतून काम जुळलं. अडचण अशी होती की बाहेरून एमआरएनए दिला की शरीर त्याला शत्रू समजून भडकतं. या दोघांनी त्यातलं एक अक्षर किंचित बदललं आणि शरीर गप्प बसलं. हा पेपर २००५ चा, तेव्हा फारसं कोणी ढुंकूनही बघितलं नाही, २०१३ मध्ये त्या विद्यापीठ सोडून जर्मनीतल्या बायोएनटेकला गेल्या, पुढे कोविडच्या लसी त्याच युक्तीवर उभ्या राहिल्या आणि २०२३ ला दोघांना नोबेल. मग विद्यापीठानेही अभिमानाने फोटो लावले.

पण हे ऐकून मुलीला 'तुलाही मिळेल' असं मात्र म्हणू नका, सगळ्यांना मिळत नाही आणि सहा वर्षं पोस्टडॉक ही व्यवस्थेची खोट आहे, तिची नाही. तिला एवढंच विचारा की तू नक्की काय करतेस, मला समजेल असं सांग. तिला बरं वाटेल. बहुतेक कोणी विचारलेलं नसतं.

प्रश्न : नवीन वनस्पती सापडली अशा बातम्या येतात. जंगलात तर ती होतीच ना, मग शोधली म्हणजे काय? (कोल्हापूर)

आता आलात माझ्या अंगणात. तुमच्याच विशाळगडावरचं उदाहरण देतो, सेरोपेजिया शिवरायियाना, २०२३ मध्ये जाहीर झाली, कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांतल्या मंडळींचं काम, आणि गडावर सापडली म्हणून नाव शिवरायांचं. सेरोपेजिया म्हणजे आपलं कंदीलपुष्प. फूल कंदिलासारखं, आणि मोठं लबाड, बारकी माशी आत शिरते, नळीत खालच्या बाजूला वळलेले केस असतात त्यामुळे बाहेर येता येत नाही, रात्रभर आत कोंडलेली राहते, अंगाला पराग चिकटतात, मग केस सुकतात आणि सुटका होते, की निघाली पुढच्या फुलात परत अडकायला. सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्या बऱ्याचदा गडांच्या कड्यांवर टिकून राहतात, कारण तिथे बकरी पोचत नाही.

वेगळं फूल दिसलं की ओरडायचं नसतं. आधी जुनी वर्णनं काढायची, मग हर्बेरियममध्ये जाऊन वाळवलेले नमुने एकेक बघायचे, विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, पुण्याला बॉटनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये, पाकळी किती मिलिमीटर, केस कुठे आहेत कुठे नाहीत. सगळ्यांपेक्षा वेगळंच निघालं तर एक नमुना 'टाइप' म्हणून कायमचा जमा करायचा, की उद्या कोणालाही शंका आली तर त्याने येऊन बघावं, आणि वर्णन छापायचं. पूर्वी ते लॅटिनमध्येच लागायचं, २०१२ पासून इंग्रजी चालतं, माझी अर्धी नोकरी त्या लॅटिनशी झटापटीत गेली आणि मग नियम बदलला!

हर्बेरियममध्ये कोणाचं बारकाईने लक्ष जात नाही अशी एक गोष्ट असते, शीटच्या कोपऱ्यातलं लेबल. कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं. आमच्याकडचे अटेंडंट मामा आठवीपर्यंत शिकलेले, पण रद्दी पेपरमध्ये झाड दाबताना पान उलटं-सुलटं दोन्ही दिसेल असं ठेवायचे आणि गावाचं नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहायचे. त्यांच्या लेबलांवरून आजही पोरं डोंगरात जाऊन ते झाड शोधून काढतात.

तुम्हाला गडावर असं काही अनोळखी दिसलं तर उपटून आणू नका. फुलाचा समोरून आणि बाजूने, पानाच्या दोन्ही बाजूंचा, आणि शेजारी बोट किंवा पेन ठेवून मोजमाप कळेल असा फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी डिपार्टमेंटला दाखवा. पावसाळ्याच्या शेवटी जा, ऑगस्ट-सप्टेंबरला, तेव्हा फुलं असतात. बूट चांगले घाला, विशाळगडाला निसरडं फार असतं.